भाड्याचा उजेड

देवास येथील थोरल्या पातीच्या राजवाड्याच्या आवारात एके काळी ‘इलेक्ट्रिक हाऊस’ या नावाची एक वास्तू होती, आणि तिची देखरेख काही महिने ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज कादंबरीकाराकडे होती, ही गोष्ट आमच्या गावातही आता फारशी कोणास ठाऊक नाही. फॉर्स्टर १९२१ साली महाराज तुकोजीराव पवार, तिसरे, यांचा खाजगी सचिव म्हणून देवासला आला. बागा, टेनिसची मैदाने, मोटारखाना, अतिथिगृह आणि हे विजेचे घर अशी नाना खाती त्याच्या पदरात टाकण्यात आली होती. त्या दिवसांची पत्रे त्याने पुढे १९५३ साली ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकात प्रसिद्ध केली. राजवाड्याचे बांधकाम अर्धवट, आणि विजेसाठी मोठ्या खर्चाने आणलेल्या बॅटऱ्या जोडणीवाचून एका खोलीत पडून, असे चित्र त्याने त्यांत रंगविले आहे. गोऱ्या माणसाला आमच्या गबाळेपणाचे हसू आले असेल, तर त्याबद्दल मला राग नाही. वकिलाच्या नजरेला त्या चित्रात निराळेच काही दिसते. यंत्र आणले, पैसा गेला, यंत्र चालले मात्र नाही. मग त्या न चाललेल्या यंत्राचा खर्च कोणी सोसावयाचा?

संस्थानी कारभारात या प्रश्नाचे उत्तर कागदावर लिहून ठेवण्याची गरज नव्हती. खर्च खजिन्याचा आणि खजिना रयतेचा. खजिना आटला तेव्हा १९३३ च्या अखेरीस महाराज देवास सोडून फ्रेंचांच्या पाँडिचेरीत जाऊन राहिले आणि १९३७ साली तेथेच वारले. धनको, रयत आणि ब्रिटिश सरकार यांनी पुढे काय ते निस्तरले. आजच्या कारभारात मात्र याच प्रश्नासाठी शंभर-शंभर पानांचे करारनामे लिहिले जातात, त्यांवर लवाद बसतात आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद जातात. असाच एक करारनामा गोमंतकात झाला होता. मुरगाव तालुक्यातील सांकवाळ येथील ४८ मेगावॉटचे वीजकेंद्र त्याच्या बळावर उभे राहिले, पंधरा वर्षे चालले आणि २०१४ साली थांबले. ते थांबल्यावरही त्याच्या बिलांचा वाद नऊ वर्षे चालू होता. या मासिकाचे गोमंतकीय वाचक वास्कोच्या वाटेने जाताना ते केंद्र पाहत आले असतील. मी ते एकदाच, बंद अवस्थेत आणि रस्त्यावरून पाहिले आहे. पण त्याचा निकाल मी जितक्या वेळा वाचला, तितक्या वेळा स्वतःच्या अशिलांचे कागदही वाचले नसतील. त्याचे कारण पुढे येईल.

प्रथम एक घरगुती उदाहरण देतो, कारण विजेच्या करारातील सारे मर्म त्यात आहे. माळव्यात लग्न ठरले की मंडपवाल्याच्या पाठोपाठ जनरेटरवाला येतो. तो रात्रीचे भाडे सांगतो आणि वर म्हणतो, “डिझेल तुमचे.” लग्नाच्या रात्री वीज गेलीच नाही तर डिझेल जळत नाही, आणि त्याचा पैसा वाचतो. भाडे मात्र द्यावेच लागते, कारण त्या रात्री ते यंत्र दुसऱ्या कोणाच्या दारी जाऊ शकले नसते. माझ्या चुलत बहिणीच्या लग्नात रात्रभर वीज गेली नाही. पहाटे काकांनी भाडे कमी करा म्हणून हट्ट धरला, तेव्हा जनरेटरवाला शांतपणे म्हणाला, “काकासाहेब, मी रात्रभर जागाच होतो.” काकांनी मुकाट्याने पैसे मोजले.

वीजकेंद्राच्या करारनाम्यात याच दोन गोष्टींना भारदस्त नावे आहेत. यंत्राच्या भाड्याला स्थिर आकार म्हणतात, जळलेल्या इंधनाच्या किमतीला चल आकार. स्थिर आकारात भांडवलावरील परतावा, कर्जाचे व्याज, घसारा, नोकरांचे पगार व देखभाल येते. केंद्र सज्ज आहे एवढ्यावरच तो देय होतो. वीज घेतली की नाही, हा प्रश्न त्याच्यापुरता गौण असतो. आपल्या देशात अशा केंद्रांना कोणी भाड्याचे म्हणत नाही. पाकिस्तानात आणि बांगलादेशात तसे सरळ म्हणत. तेथे अल्प मुदतीसाठी यंत्रेच भाड्याने आणली जात, एखादे तर जहाजावर बसवलेलेही असे. सांकवाळचे केंद्र त्या अर्थाने भाड्याचे नव्हते. ते कंपनीने स्वतः बांधले होते व स्वतःच चालवीत होती. परंतु पंधरा वर्षांची मुदत, सज्जतेबद्दल ठरीव मोबदला, इंधनाचा खर्च घेणाऱ्याच्या माथी आणि मुदत संपताच उभयतांची सुटका, या चार गोष्टी एकत्र आल्या म्हणजे त्या व्यवहाराला भाडेपट्टा म्हणण्यास कायद्याच्या माणसाची जीभ अडखळत नाही.

गोव्याला असा भाडेपट्टा का करावासा वाटला, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. पोर्तुगीज अमदानीत वीज मोजक्या शहरांपुरतीच होती आणि ती लहान डिझेल यंत्रांवर निघे. मुक्तीनंतर १९६३ साली शासनाचे वीज खाते स्थापन झाले. इतर राज्यांप्रमाणे येथे वीज मंडळ झाले नाही, खातेच राहिले. या खात्याचे स्वतःचे मोठे वीजकेंद्र कधीच नव्हते. वीज यावयाची ती केंद्र सरकारच्या प्रकल्पांतील वाट्यातून, आणि त्यातील मोठा भाग कोरबा व विंध्याचल येथील कोळशाच्या केंद्रांचा. त्या काळी ही दोन्ही ठिकाणे मध्य प्रदेशातच होती. तेव्हा पणजीच्या दिव्यात आमच्या राज्याच्या कोळशाचाही थोडा अंश होता, असे म्हणण्यास हरकत नाही. पण तारांचे इतके लांब जाळे, त्याच्या शेवटच्या टोकाला बसलेले लहानसे राज्य, आणि १९८७ साली राज्याचा दर्जा मिळाल्यानंतर वेगाने वाढणारे कारखाने व हॉटेले; पश्चिमेच्या जाळ्यात कोठे बिघाड झाला की टोकावरच्याला अंधार आधी. घरच्या अंगणात एखादे यंत्र असावे, ही इच्छा अशा वेळी अगदी स्वाभाविक होती. आज आपण त्या निर्णयास नावे ठेवतो, तेव्हा नव्वदीतला अंधार विसरून चालणार नाही.

दिल्लीतील धोरणही त्याच वेळी पालटत होते. १९४८ च्या वीजपुरवठा कायद्यात १९९१ साली दुरुस्ती होऊन खाजगी कंपन्यांना वीजनिर्मितीचे दार उघडण्यात आले. ३० मार्च १९९२ च्या अधिसूचनेने दोन भागांचा दर ठरविला: स्थिर आणि चल. त्यात भागभांडवलावर १६ टक्के परतावा मान्य केला होता, आणि वर्षातील ६,००० तासांइतकी, म्हणजे ६८.५ टक्के, निर्मिती झाली किंवा होऊ शकत होती असे दाखविता आले, की पूर्ण स्थिर आकार वसूल होई. ‘होऊ शकत होती’ हे शब्द वाचकांनी मनात ठेवावेत. जनरेटरवाल्याचे ‘मी जागाच होतो’ ते हेच. पुढे १९९५ साली नाफ्थासारख्या द्रव इंधनावरील केंद्रांनाही मोकळीक मिळाली. कोळशाचे केंद्र उभारण्यास पाच-सात वर्षे लागत. नाफ्थाचे दोन-अडीच वर्षांत उभे राही. टंचाईच्या काळात घाई ही राजकारणाची गरज असते, आणि घाईला नाफ्था सोयीचा होता.

रिलायन्स-साळगावकर पॉवर कंपनीशी गोवा शासनाचा वीजखरेदीचा करार जानेवारी १९९७ मध्ये झाला आणि ऑगस्ट १९९९ मध्ये केंद्राची व्यापारी वीज सुरू झाली. ही कंपनी पुढे रिलायन्सच्याच वीज कंपनीत विलीन झाली. सांकवाळची जागा वाईट नव्हती. मुरगावचे बंदर जवळ, आणि शेजारी झुआरीनगरचा १९७३ पासूनचा खत कारखाना स्वतःच नाफ्था वापरणारा. म्हणजे या इंधनाची ने-आण त्या परिसराला नवी नव्हती. कोळशाची राख नाही, काळा धूर नाही; किनाऱ्यावर पाहुणे बोलावणाऱ्या राज्याला हेही पटण्यासारखे होते.

यंत्राची रचनाही समजून घेण्यासारखी आहे, कारण पुढच्या वादाची बीजे तिच्यात आहेत. अशा केंद्रात प्रथम वायूचे टर्बाईन असते. इंधन जाळून निघालेला तप्त वायू त्याची पाती फिरवितो, आणि बाहेर पडताना त्याचे तापमान पाचशे अंशांच्या वर असते. ती उष्णता धुराड्यातून वाया न घालविता तिच्यावर पाणी उकळतात व त्या वाफेवर दुसरे टर्बाईन चालवितात. एकाच इंधनातून दोनदा वीज काढणारी ही पद्धत संयुक्त चक्र म्हणून ओळखली जाते. ढोबळमानाने पहिल्या यंत्राचे दोन वाटे आणि दुसऱ्याचे एक. या पद्धतीत एक युनिट विजेला सुमारे २,००० किलोकॅलरी उष्णता पुरते. वाफेचे यंत्र बंद पडले आणि नुसते वायूचे टर्बाईन चालविले, तर तेच एक युनिट काढण्यास २,९०० किंवा अधिक लागते.

आता हिशेब मांडू. एक किलो नाफ्थात अंदाजे १०,५०० किलोकॅलरी असतात. म्हणजे संयुक्त चक्रात युनिटमागे १९० ग्रॅम नाफ्था, एकेरी चक्रात २७५ ग्रॅमच्या पुढे. नाफ्था दहा रुपये किलो धरला तर युनिटचा चल आकार एक रुपया नव्वद पैसे, चाळीस रुपये किलो धरला तर सात रुपये साठ पैसे. त्यातच वाफेचे यंत्र बंद असेल तर अकरा रुपये. हे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, कोणाच्या बिलातले नव्हेत. परंतु इंधनाचा भाव आणि यंत्राची प्रकृती एकाच वेळी बिघडली म्हणजे काय होते ते त्यांवरून कळते. आणि भाव तर बिघडलाच. १९९८ च्या अखेरीस कच्चे तेल पिंपामागे दहा-अकरा डॉलरवर आले होते. करार झाले, केंद्रे बांधली गेली, ती या स्वस्ताईच्या छायेत. २००८ च्या जुलैत तेच पिंप १४७ डॉलरला पोचले. कच्च्या तेलामागे नाफ्था गेला, आणि नाफ्थामागे चल आकार.

येथे स्थिर आकाराची दुसरी खोच लक्षात घ्यावी. एखाद्या ४८ मेगावॉटच्या केंद्राचा स्थिर आकार वर्षाला ६० कोटी रुपये आहे असे धरा. केंद्र ६,००० तास चालले तर २८ कोटी ८० लाख युनिटे निघतात व प्रत्येकावर दोन रुपये आठ पैशांचा भार पडतो. इंधन महागले म्हणून खात्याने वीज कमी घेतली आणि केंद्र २,००० तासच चालले, तर तोच भार सहा रुपये पंचवीस पैसे होतो. महाग म्हणून कमी घ्यावे, तर घेतलेली आणखी महाग पडते. आमच्या आजीच्या भाषेत, दुभत्या म्हशीचा चारा परवडत नाही म्हणून ती आटवावी आणि आटल्यावरही चारा घालावाच लागावा, तशातली गत.

याच रोगाची मोठी आवृत्ती कोकणच्या किनाऱ्यावर, दाभोळला, महाराष्ट्राने भोगली. ती कथा इतकी वेळ सांगितली गेली आहे की येथे तिला चार ओळी पुरेत. जून १९९२ मध्ये समजुतीचा मसुदा, डिसेंबर १९९३ मध्ये एन्रॉनच्या कंपनीशी करार, ऑगस्ट १९९५ मध्ये तो रद्द, १९९६ मध्ये नव्या अटींवर पुन्हा मान्य, मे १९९९ मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा नाफ्थावर सुरू, आणि मे २००१ मध्ये राज्य वीज मंडळाने खरेदी थांबविली. त्याच वर्षी डिसेंबरात एन्रॉनचे दिवाळे वाजले. २००५ साली सरकारी कंपन्यांनी मिळून रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी काढून ते केंद्र हाती घेतले. महाराष्ट्रात या प्रकरणावर निवडणुका लढल्या गेल्या, माधव गोडबोले यांच्या समितीने अहवाल दिला, वृत्तपत्रांनी रकाने भरले. सांकवाळचे केंद्र त्याच वर्षी, त्याच इंधनावर, तशाच दोन आकारांच्या करारावर सुरू झाले, पण ते लहान होते म्हणून त्याकडे राज्याबाहेर कोणी पाहिले नाही. लहान राज्याला लहान केंद्राचे ओझेही आपल्या परीने मोठेच असते.

दाभोळचा येथे आणखी एका कारणाने संबंध येतो. तेथे द्रवरूप नैसर्गिक वायू जहाजांतून उतरवून घेण्याचे जे स्थानक एन्रॉनच्या काळात अर्धवट राहिले होते, ते पुढे सरकारी कंपन्यांनी पुरे केले आणि २०१३ च्या आरंभी चालू झाले. दाभोळहून बंगळूरूकडे जाणारी गेलची वायुवाहिनीही त्याच सुमारास तयार झाली. तिचा एक फाटा गोव्यात आला. खत कारखान्याने नाफ्था सोडून वायू घेतला, आणि सांकवाळचे केंद्रही २०१३ मध्ये वायूवर गेले. ज्या इंधनाची वाट पाहण्यात चौदा वर्षे गेली ते दाराशी आले तेव्हा कराराचे जेमतेम एक वर्ष उरले होते. वायूही आयातीचा आणि महागच. पण निदान नाफ्थाची टाकी गेली. ऑगस्ट २०१४ मध्ये पंधरा वर्षे भरली. शासनाने मुदत वाढविली नाही, केंद्राला दुसरा गिऱ्हाईक मिळाला नाही, आणि यंत्रे थांबली. एव्हाना देशाचे वीजजाळे एक झाले होते, कोळशाची वीज बाजारात त्याहून पुष्कळ स्वस्त मिळत होती, आणि अंगणातले यंत्र ही गरज न राहता हौस झाली होती.

ही पंधरा वर्षे निव्वळ तोट्याची होती, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. अंधारात असलेल्याला दिव्याची किंमत उजेडात बसून ठरविता येत नाही. आमच्या मध्य प्रदेशाचे उदाहरण पाहा. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड निराळे झाले आणि कोरब्याची केंद्रे तिकडे गेली. पुढची तीन वर्षे देवास-धारच्या खेड्यांत दिवसाकाठी किती तास वीज येई याची मोजदाद शेतकरी बोटांवर करीत. २००३ च्या निवडणुकीत वीज, रस्ते आणि पाणी या तीन शब्दांनी सरकार पालटले. त्या दिवसांत कोणी महागडे का होईना, पण चालणारे ४८ मेगावॉट देवासला देऊ केले असते, तर आम्ही करारातील बारीक अक्षरे वाचीत बसलो नसतो. गोव्यानेही बसू नये यात नवल नाही. नवल वाटते ते निराळ्याच गोष्टीचे: इंधनाच्या भावाची सारी जोखीम घेणाऱ्यावर आणि सज्जतेचा सारा मोबदला देणाऱ्याला, ही वाटणी त्या काळच्या जवळजवळ प्रत्येक करारात आहे, आणि तीवर सही करणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी इंधन चौपट झाले तर काय, हा त्रैराशिकाचा हिशेब मांडलेला दिसतो. तो मांडण्यास पाटी-पेन्सिल पुरली असती.

आता न्यायालयाकडे येतो. केंद्र चालू असतानाच बिलांवर वाद सुरू झाले होते: चल आकार कोणत्या रीतीने मोजावयाचा, किती थकले, त्यावर व्याज किती. २००३ च्या वीज कायद्याने निर्मिती करणारी कंपनी व वीज घेणारा यांच्यातील तंटा नियामक आयोगापुढे नेण्याची व आयोगाने तो लवादाकडे सोपविण्याची सोय केली आहे. हा वाद त्या वाटेने लवादाकडे गेला. फेब्रुवारी २०१८ मध्ये लवादाने कंपनीच्या बाजूने निवाडा दिला. रक्कम पावणेतीनशे कोटींच्या पुढे, आणि तीवर व्याज. जिल्हा न्यायालयाने शासनाची हरकत फेटाळली. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निवाड्याचा काही भाग रद्द केला. १० मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निकाल फिरवून निवाडा पुन्हा उभा केला.

कायदा म्हणून पाहता हा निकाल मला बरोबर वाटतो. १९९६ च्या लवाद कायद्यातील कलम ३४ व ३७ यांखाली न्यायालयाने लवादाच्या डोक्यावर अपील न्यायालय होऊन बसावयाचे नसते. कराराचा अर्थ लावणे हे लवादाचे काम. त्याने लावलेला अर्थ संभवनीय असेल, तर न्यायाधीशाला दुसरा अधिक पसंत आहे एवढ्यावरून निवाडा मोडत नाही. शासनाने आपण होऊन लवाद पत्करला, करारातील सूत्रांवर आपण होऊन सही केली. तेव्हा बिल आल्यावर सूत्र अन्यायाचे होते म्हणणे न्यायालयात टिकणारे नव्हते. पण एक माणूस या सगळ्या सुनावणीत कोठेच नव्हता: म्हापशाचा वा काणकोणचा वीजग्राहक. करारावर त्याची सही नाही, लवादापुढे त्याचा वकील नाही, आणि रक्कम मात्र कोणत्या ना कोणत्या रूपाने, दरातून म्हणा की करातून म्हणा, त्याच्याच घरून जावयाची. देवासच्या रयतेशी त्याचे नाते येथे जुळते.

शासनाने करार मोडलाच असता तर? शेजाऱ्यांनी तो प्रयोग करून पाहिला आहे. पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१२ रोजी भाड्याच्या वीजकेंद्रांचे सगळे करार मुळापासूनच रद्दबातल ठरविले. त्यांत कार्के या तुर्की कंपनीच्या कराचीत नांगरलेल्या जहाजांवरील केंद्राचा करारही होता. कंपनी आंतरराष्ट्रीय लवादाकडे गेली आणि २०१७ साली पाऊण अब्ज डॉलरांहून अधिक भरपाईचा निवाडा पाकिस्तानविरुद्ध झाला. २०१९ मध्ये तडजोडीने ते प्रकरण मिटले. बांगलादेशाने उलट टोक गाठले. २०१० साली त्याने एक विशेष कायदा करून झटपट भाड्याच्या केंद्रांचे व्यवहार न्यायालयाच्या कक्षेबाहेरच ठेवले. तो कायदा रद्द होण्यास २०२४ चा नोव्हेंबर उजाडावा लागला. एकाने न्यायालयाकडून करार पुसून घेतले आणि बाहेर दंड ओढवून घेतला; दुसऱ्याने न्यायालयाचे दारच लावून घेतले. त्यांच्या तुलनेत गोव्याची वाट, म्हणजे मुदत संपेपर्यंत करार पाळणे, मुदत न वाढविणे आणि वाद लवादापुढे मांडणे, ही महाग असली तरी सभ्य होती.

हे सर्व इतक्या आस्थेने मी का वाचले, ते आता सांगतो. वकिलीच्या पहिल्या वर्षांत माझ्याकडे धार जिल्ह्यातील एका लहान कारखानदाराचे काम आले. विजेच्या टंचाईत त्यांनी एक मोठा जनरेटर पाच वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतला होता. तिसऱ्या वर्षी वीज सुधारली, डिझेल महागले, आणि यंत्र महिना महिना झाकून राहू लागले. भाडे का द्यावे, असे त्यांनी मला विचारले. मी पट्टा वाचला आणि भाडे ‘वापराच्या तासांवर’ आहे, वापर नाही तर भाडे नाही, असा सल्ला दिला. त्याच कलमाच्या शेवटी ‘अथवा उपलब्ध ठेवलेल्या’ असे तीन शब्द होते. ते मी वाचले होते. त्यांचे वजन मला कळले नव्हते. त्यांनी माझ्या शब्दावर भाडे थांबविले. लवादाने अडीच वर्षांचे भाडे, व्याज आणि खर्च त्यांच्यावर बसविला. निवाडा आल्यावर ते मला एवढेच म्हणाले, “वकीलसाहेब, तुम्ही तरुण आहात.” फी त्यांनी पूर्ण दिली, आणि ती परत घ्या म्हणून मी दोनदा धारला गेलो तरी घेतली नाही.

जनरेटर मालकाने उचलून नेला. त्याच्यासाठी घातलेला काँक्रीटचा ओटा अंगणात तसाच आहे. गेल्या पावसाळ्याच्या आधी मी तिकडून जात असता त्यावर सोयाबीनच्या बियाण्याची पोती रचून ठेवलेली होती, आणि त्यांच्या चिरंजीवांनी मला आत बोलावून चहा दिला.